समासविग्रह आणि सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका : संदिग्ध नामपदबंधांच्या अर्थनिर्णयाचा विचार

साहित्यविचारात अर्थाच्या अनेकतेची चर्चा प्रामुख्याने काव्याच्या संदर्भात झालेली आहे. श्लेषापासून ध्वनीपर्यंतच्या संकल्पनांनी अनेकार्थतेला काव्याचे सामर्थ्य मानले. याउलट, शास्त्रीय व तांत्रिक लेखनात शब्दाला एकच अर्थ असतो आणि म्हणून तेथे अर्थनिर्णयाचा प्रश्न उद्भवत नाही, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे. संगणकीय सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिका, सूचना आणि पडद्यावरील संदेश यांची भाषा पाहिली, तर तेथे संदिग्धता विपुल आढळते. ती मुख्यतः क्रियापदांत किंवा वाक्यरचनेत नसून नामपदबंधांत, म्हणजे एकापुढे एक ठेवलेल्या नामांच्या साखळीत असते. काव्यात वाचक दोन्ही अर्थ एकत्र बाळगू शकतो. माहितीपुस्तिकेच्या वाचकाला मात्र त्यांपैकी एक निवडून कृती करावी लागते. चुकीचा अर्थ निवडला तर संगणकातील माहिती नष्ट होऊ शकते, भलत्या व्यक्तीला अधिकार मिळू शकतो किंवा संमती नको त्या गोष्टीला दिली जाऊ शकते.

अशा नामपदबंधांचा अर्थ लावण्यासाठी भारतीय व्याकरण व मीमांसा परंपरेतील समासविग्रहाची पद्धती कितपत उपयोगी पडते, आणि मराठीत भाषांतर करताना तीच पद्धती अपरिहार्य का ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. संदिग्धतेचे तीन स्तर

इंग्रजी माहितीपुस्तिकेत ‘ओल्ड फाइल लिस्ट’ अशी शब्दयोजना आली, तर तिचे दोन अर्थ संभवतात : ‘जुन्या फायलींची यादी’ आणि ‘फायलींची जुनी यादी’. शब्द तेच, क्रमही तोच. भेद आहे तो गट कसा पाडायचा याचा. ‘न्यू यूजर पासवर्ड’ या पदबंधाबाबतही हेच घडते. तो ‘नव्या वापरकर्त्याचा पासवर्ड’ असेल किंवा ‘वापरकर्त्याचा नवा पासवर्ड’ असेल. संदिग्धतेचा हा पहिला स्तर गटरचनेचा होय. साखळी लांबत गेली की शक्यता झपाट्याने वाढतात. पदांचे दोन-दोनांचे गट पाडत गेल्यास तीन पदांची रचना २ प्रकारे, चार पदांची ५ प्रकारे आणि पाच पदांची १४ प्रकारे लावता येते. गणितात या संख्या कॅटलान संख्या म्हणून परिचित आहेत. संगणकीय दस्तऐवजांत चार-पाच पदांच्या साखळ्या मुळीच दुर्मीळ नाहीत.

दुसरा स्तर संबंधाचा आहे. गट निश्चित झाला तरी दोन पदांमधील नाते निश्चित होतेच असे नाही. ‘यूजर रिपोर्ट’ या पदबंधात दोनच पदे आहेत. गटाचा प्रश्नच नाही. तथापि, तो वापरकर्त्याने पाठविलेला अहवाल की वापरकर्त्याविषयी तयार झालेला अहवाल, हे शब्दांवरून कळत नाही. पहिल्या अर्थी वापरकर्ता बोलतो, दुसऱ्या अर्थी त्याच्याविषयी बोलले जाते. ‘यूजर रिपोर्ट पाठवावा काय?’ या प्रश्नाला होकार देणाऱ्याने नेमकी कशाला संमती दिली, हे या नात्यावर अवलंबून राहते.

तिसरा स्तर शब्दजातीचा आहे. इंग्रजीत एकच रूप नाम, विशेषण आणि क्रियापद अशा तिन्ही भूमिका घेऊ शकते. ‘एम्प्टी फोल्डर’ म्हणजे ‘रिकामा फोल्डर’ ही वस्तुस्थिती की ‘फोल्डर रिकामा करा’ ही आज्ञा? मराठीत ही अडचण तुलनेने कमी असली तरी ती अगदीच नाही असे नव्हे. पडद्यावरील कळीवर नुसते ‘उघडा’ असे लिहिले, तर ते आदरार्थी आज्ञार्थाचे रूप आहे की पुल्लिंगी विशेषण आहे, हे त्या एका शब्दावरून ठरविता येत नाही.

या तीन स्तरांचे धोके एका रचलेल्या उदाहरणाने स्पष्ट होतील. ‘अद्ययावत करण्यापूर्वी ओल्ड सर्व्हर बॅकअपची प्रत काढावी आणि उरलेले सर्व पुसून टाकावे’ अशी सूचना आहे असे समजू. जुन्या सर्व्हरचा अलीकडचा बॅकअप की सर्व्हरचा जुना बॅकअप? दुसरा अर्थ घेणारा व्यवस्थापक कालबाह्य प्रत जपून ठेवील आणि ताजी प्रत पुसून टाकील. सूचनेचे त्याने अक्षरशः पालन केलेले असेल.

२. पुरणपोळी, तेलपोळी आणि लुप्त मध्यमपद

नामांची अशी साखळी हा लेखकाचा निष्काळजीपणा मानून विषय संपत नाही. सॉफ्टवेअरमध्ये पूर्वी अस्तित्वात नसलेल्या वस्तूंना सतत नावे द्यावी लागतात, ती नावे आटोपशीर असावी लागतात आणि पुन्हा पुन्हा वापरावी लागतात. वर्णनाचे नावात रूपांतर करण्याचा इंग्रजीतील सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मधले शब्द गाळून नामे शेजारी ठेवणे. पामेला डाउनिंग यांनी १९७७ साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकात इंग्रजी सामासिक नामांविषयी लिहिताना ‘सफरचंद-रस-आसन’ अशा अर्थाच्या एका शब्दाचे उदाहरण दिले होते. ज्या जागेसमोर सफरचंदाच्या रसाचा पेला ठेवलेला आहे ती जागा, असा त्याचा अर्थ. तो प्रसंग ठाऊक असलेल्यालाच हा शब्द कळतो. ज्युडिथ लेव्ही यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात वेगळी भूमिका घेतली. अशा शब्दांत गाळलेली विधेये मोजकी असतात आणि ती वाचकाला पुन्हा मिळविता येतात, असे त्यांचे प्रतिपादन होते; त्यांनी अशी नऊ विधेये मानली.

मराठी व्याकरणाच्या अभ्यासकाला ही चर्चा अपरिचित वाटू नये. शालेय व्याकरणातील मध्यमपदलोपी समास हा याच घटनेचे वर्णन करतो. पुरणपोळी म्हणजे पुरण भरून केलेली पोळी. परंतु तेलपोळी म्हणजे तेल भरून केलेली पोळी नव्हे. ती तेलावर लाटलेली पोळी होय. मीठभाकर या शब्दात तर मीठ घातलेली भाकरी अभिप्रेत नसून ‘मीठ, भाकर वगैरे’ असा समाहार द्वंद्व आहे. बाह्य रचना सारखी, विग्रह मात्र तीन. मराठी भाषकाला येथे अडखळायला होत नाही, कारण वस्तू त्याच्या परिचयाच्या आहेत. शब्दावरून वस्तू कळत नाही, वस्तूवरून शब्दाचा विग्रह कळतो. माहितीपुस्तिकेची अडचण नेमकी येथे आहे. वाचक ती उघडतो तोच मुळी वस्तू ठाऊक नसते म्हणून. ज्या ज्ञानाच्या आधारे विग्रह व्हावयाचा, ते ज्ञान मिळविण्यासाठीच तो वाचत असतो.

मराठी या दोषापासून मुक्त आहे, असाही दावा करता येणार नाही. ‘जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक कर्मचारी संघटना’ यासारख्या फलकावर सहा पदे विभक्तिप्रत्ययाविना उभी असतात. ‘जुने पुस्तक विक्रेते’ या शब्दांत तर नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन यांचे विशेषणरूप एकच असल्यामुळे पुस्तक जुने की विक्रेते जुने, हे व्याकरणाने ठरत नाही.

३. परंपरेतील दोन दृष्टांत

समासाच्या संदिग्धतेचे गंभीर परिणाम भारतीय परंपरेने फार पूर्वी ओळखले होते. व्याकरणाचे प्रयोजन सांगताना पतंजलीने महाभाष्याच्या पस्पशाह्निकात ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा उल्लेख केला आहे. इंद्राचा नाश करणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला. ‘इंद्राचा नाश करणारा’ असा तत्पुरुष त्याला अभिप्रेत होता; परंतु उच्चारात स्वर बदलला आणि ‘इंद्र ज्याचा नाश करणारा आहे असा’ हा बहुव्रीही सिद्ध झाला. परिणामी वृत्र इंद्राच्या हातून मारला गेला. या कथेत शब्द बदलत नाही, बदलतो तो विग्रह. आणि फळ मिळते ते वक्त्याच्या हेतूप्रमाणे नव्हे, तर उच्चारलेल्या शब्दाप्रमाणे. संगणकाला दिलेल्या आज्ञेचे स्वरूप याहून फारसे भिन्न नाही. वैदिक उच्चारात भेद दाखविणारा स्वर तरी होता; छापील पदबंधात तोही आधार उरत नाही.

दुसरा दृष्टांत पूर्वमीमांसेतील आहे. रुद्रदेवतेच्या एका इष्टीच्या संदर्भात ‘निषादस्थपती’ हा शब्द येतो. निषादांचा स्थपती म्हणजे अधिपती, असा षष्ठी तत्पुरुष मानावा की निषाद असलेला अधिपती, असा कर्मधारय मानावा? पहिल्या अर्थी तो अधिपती अन्य वर्णाचा असू शकतो. दुसऱ्या अर्थी खुद्द निषादालाच त्या इष्टीचा अधिकार मिळतो. मीमांसकांनी कर्मधारयाच्या बाजूने निर्णय दिला. तत्पुरुष मानल्यास शब्दात नसलेला संबंध लक्षणेने आणावा लागतो, कर्मधारयात तो आणावा लागत नाही, हे त्याचे कारण. कमीत कमी अध्याहार करावा लागणारा विग्रह स्वीकारावा, असा अर्थनिर्णयाचा हा नियम आहे. येथेही प्रश्न नुसत्या व्याकरणाचा नव्हता. कोणाला अधिकार आहे, हे एका समासाच्या विग्रहावर ठरत होते.

४. नियमाची कसोटी : ‘कॉन्स्ट-इटरेटर’

हा नियम आधुनिक तंत्रलेखनाला लावून पाहणे उद्बोधक ठरते. १९९८ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झालेल्या सी-प्लस-प्लस या संगणकभाषेत ‘इटरेटर’ नावाची संकल्पना आहे. यादीतील एकेका घटकावर क्रमाने बोट ठेवीत जाणारा दर्शक, असे तिचे स्थूल वर्णन करता येईल. ‘कॉन्स्ट’ म्हणजे स्थिर, न बदलणारा. आता ‘कॉन्स्ट-इटरेटर’ या जोडनावाचा विग्रह कसा करावा? निषादस्थपतिन्यायाने कर्मधारय प्राप्त होतो : ‘स्थिर असा दर्शक’. परंतु हा अर्थ चुकीचा आहे. या नावाचा दर्शक स्वतः स्थिर नसतो. तो पुढे सरकत राहतो. तो ज्या घटकाकडे निर्देश करतो त्या घटकात त्याच्यामार्फत बदल करता येत नाही, एवढेच. म्हणजे विग्रह ‘स्थिराचा दर्शक’ असा तत्पुरुषाचा आहे. गंमत अशी की, त्याच भाषेत ‘कॉन्स्ट’ आणि ‘इटरेटर’ हे शब्द सुटे लिहिल्यास कर्मधारयाचा अर्थ मिळतो : दर्शक स्थिर, पण घटक बदलता येण्याजोगा. एका जोडरेषेने समासाचा प्रकार बदलतो.

असेच दुसरे युग्म ‘फंक्शन टेम्प्लेट’ आणि ‘टेम्प्लेट फंक्शन’ यांचे आहे. फंक्शन म्हणजे ठरावीक काम करणारा आज्ञांचा संच आणि टेम्प्लेट म्हणजे साचा. पहिल्या पदबंधात ‘फंक्शने घडविणारा साचा’ अभिप्रेत असतो, तर दुसरा ‘साच्यातून घडलेले फंक्शन’ या अर्थाने वापरला जातो. पण दुसरे नाव पहिल्या अर्थानेही सैलपणे वापरले गेल्यामुळे वाचकांचा गोंधळ होत आला आहे. साचा आणि मूर्ती यांत जो भेद, तोच येथे आहे.

या उदाहरणांवरून मीमांसेचा नियम निरुपयोगी ठरत नाही. त्याची जागा स्पष्ट होते. अवयवार्थापेक्षा रूढी बलवान, हेही मीमांसकांनीच मान्य केलेले तत्त्व आहे. जेथे पारिभाषिक संज्ञेची व्याख्या उपलब्ध आहे, तेथे व्याख्या प्रमाण. जेथे ती नाही, तेथे प्रकरण म्हणजे संदर्भ प्रमाण. आणि जेथे संदर्भही मूक आहे, तेथेच अल्पतम अध्याहाराचा नियम लावावा.

संदर्भ म्हणजे नेमके काय, याचेही उत्तर परंपरेत आहे. भर्तृहरीने वाक्यपदीयात अनेकार्थी शब्दाचा अर्थ ठरविणाऱ्या घटकांमध्ये संसर्ग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण इत्यादींची गणना केली आहे. ‘ओल्ड फाइल लिस्ट’ हा पदबंध याच कसोट्यांवर घासून पाहता येतो. त्याच पुस्तिकेत अन्यत्र ‘चालू यादी’ असा उल्लेख असेल, तर विरोधाने ‘जुनी’ हे विशेषण यादीला लागते. ‘अलीकडच्या फायली’ असा उल्लेख असेल, तर ते फायलींना लागते. दोन्ही उल्लेख असतील, तर लेखकाकडेच विचारणा केली पाहिजे.

५. मराठीत आल्यावर काय घडते

इंग्रजीतील पदबंध मराठीत आणताना भाषांतरकाराला गटरचनेचा निर्णय टाळता येत नाही. मराठीत नामाचे सामान्यरूप होते, संबंध दाखविणारा चा-ची-चे हा प्रत्यय पुढील नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो आणि विकारी विशेषण आपल्या विशेष्याशी जुळवून घेते. इंग्रजी लेखकाला न घ्यावा लागलेला निर्णय मराठी व्याकरण भाषांतरकाराकडून घेववते. अशा वेळी भाषांतरकार हाच त्या मजकुराचा पहिला मीमांसक ठरतो.

तथापि मराठीच्या या सामर्थ्याला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की, षष्ठीचा प्रत्यय गट सांगतो, संबंध सांगत नाही. षष्ठीचे अर्थ शंभरावर आहेत, असे पतंजलीने म्हटलेच आहे. ‘वापरकर्त्याचा अहवाल’ हे भाषांतर इंग्रजीइतकेच संदिग्ध आहे; ‘वापरकर्त्याने दिलेला अहवाल’ किंवा ‘वापरकर्त्याविषयीचा अहवाल’ असे लिहिल्यावरच अर्थ ठरतो. दुसरी मर्यादा सामान्यरूपाची आहे. ‘जुन्या फायलींची यादी’ आणि ‘जुनी फायलींची यादी’ यांतील भेद विशेषणाच्या रूपाने स्पष्ट होतो. पण याच पदबंधांना सप्तमीचा प्रत्यय लागताच दोहोंचे रूप ‘जुन्या फायलींच्या यादीत’ असे एकच होते. सामान्यरूपात विशेषणाचा लिंगवचनभेद लोपतो आणि गेलेली संदिग्धता परत येते. म्हणून विशेषण विशेष्याला लागूनच ठेवावे आणि ‘फायलींच्या जुन्या यादीत’ असे लिहावे, हा नियम येथे शैलीचा न राहता अर्थसुरक्षेचा होतो.

यांखेरीज निर्णय टाळण्याची एक पळवाटही मराठीत उपलब्ध आहे. ‘नवीन वापरकर्ता संकेतशब्द’ असे इंग्रजी क्रमानुसारचे प्रत्ययहीन रूप लिहिले, की विग्रह करण्याची जबाबदारी वाचकावर ढकलली जाते. शब्द संस्कृतोद्भव असल्यामुळे रचनेला समासाचा डौल येतो, परंतु समासाला आवश्यक असलेले सामर्थ्य, म्हणजे पदांचा परस्परसंबंध, तिच्यात नसते. पाणिनीने समासविचाराच्या आरंभीच सामर्थ्याची अट घातली आहे, याचे स्मरण येथे उपयुक्त ठरावे. मराठी पडद्यावरील भाषा कृत्रिम वाटते, अशी तक्रार झाली की दोष सहसा अवघड संस्कृत शब्दांना दिला जातो. ‘संकेतशब्द’ हा शब्द वाचक दोन दिवसांत शिकू शकतो. न उलगडलेली साखळी मात्र सवयीने सुबोध होत नाही.

‘फ्री सॉफ्टवेअर’ या पदबंधाचा प्रवास या दृष्टीने लक्षणीय आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून पुढे आलेल्या या चळवळीला ‘फ्री’ म्हणजे स्वतंत्र असा अर्थ अभिप्रेत होता. इंग्रजी वाचकाने तो विनामूल्य असा घेतला आणि चळवळीला तो भेद सतत समजावून सांगावा लागला. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ असे दोन शब्द असल्यामुळे भाषांतरकाराला निवड करावीच लागते, आणि योग्य निवड केली तर मूळ भाषेतील संदिग्धता मराठीत नाहीशी होते. भाषांतर मूळापेक्षा नेमके ठरल्याचे हे उदाहरण आहे.

६. उपाय आणि त्यांच्या सीमा

तंत्रलेखनाच्या क्षेत्रात या समस्येवर काही उपाय योजले गेले आहेत. इंटरनेटच्या मानकांसाठी मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २११९ क्रमांकाच्या दस्तऐवजाने ‘केलेच पाहिजे’, ‘करावे’, ‘करता येईल’ या अर्थांच्या इंग्रजी शब्दांचे बल निश्चित केले. विधीचे बल असे ठरले. नामपदबंधाला मात्र तसा सार्वत्रिक दंडक मिळाला नाही. विमाननिर्मितीच्या क्षेत्रात १९८६ पासून विकसित झालेल्या सुलभीकृत तांत्रिक इंग्रजीने तीनहून अधिक नामांची साखळी वर्ज्य ठरविली. विमानाच्या दुरुस्तीत चुकीच्या विग्रहाची किंमत काय असते, हे तेथे वेगळे सांगावे लागले नाही. सॉफ्टवेअरच्या भाषांतरासाठी वापरल्या जाणाऱ्या ग्नू गेटटेक्स्ट या साधनात २००६ साली संदर्भनोंदीची सोय आली. एकच इंग्रजी शब्द कोठे आज्ञा आहे आणि कोठे वर्णन आहे, हे तीमुळे भाषांतरकाराला कळविता येते. सोय असली तरी नोंद करणारा हवा, हे वेगळे सांगावयास नको.

अलीकडच्या काळात प्रश्नाने नवे रूप धारण केले आहे. २०१७ साली गूगलच्या भाषांतरसेवेत मराठीसाठी न्यूरल पद्धती आली आणि २०२२ साली भारत सरकारचा ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू झाला. आता यंत्राने केलेले मराठी व्याकरणदृष्ट्या पुष्कळच सफाईदार असते. पूर्वीच्या यांत्रिक भाषांतरातील चूक तुटक वाक्यावरून ओळखू येत असे. आता यंत्र ‘न्यू यूजर पासवर्ड’चा एक विग्रह निवडते आणि ‘नव्या वापरकर्त्याचा पासवर्ड’ असे निर्दोष मराठी लिहिते. दुसरा विग्रह शक्य होता, याची खूणही वाचकापुढे उरत नाही. विभक्तिप्रत्यय हा निर्णयाचा पुरावा आहे. परंतु निर्णय कोणी आणि कशाच्या आधारे घेतला, हे तो सांगत नाही.

यास्तव भाषांतराच्या व्यवहारात एक साधी शिस्त आवश्यक वाटते. परिभाषासूचीत प्रत्येक पदबंधापुढे केवळ मराठी पर्याय न देता त्याचा विग्रहही नोंदवावा : प्रधानपद कोणते, कोणते पद कोणाला लागते, लुप्त मध्यमपद काय. जेथे विग्रह व्याख्येने ठरला आणि जेथे तो केवळ अनुमानाने ठरला, त्यांत भेद दाखवावा. संस्कृत टीकाकारांनी प्रत्येक समासाचा विग्रह दिला तो वाचकाच्या अज्ञानापोटी नव्हे. आपला अर्थ कोणत्या निर्णयावर उभा आहे, हे तपासता यावे म्हणूनही दिला. पुढील वाचकाला त्यांच्याशी असहमत होता आले ते त्यामुळेच.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने या क्षेत्राकडे पाहण्याचे प्रयोजनही येथेच आहे. अर्थनिर्णयाचे जे सिद्धांत काव्याच्या आणि धर्मग्रंथांच्या संदर्भात मांडले गेले, त्यांची पडताळणी करणारा मजकूर माहितीपुस्तिकेच्या रूपाने उपलब्ध आहे. येथे विग्रह बरोबर की चूक, हे शेवटी प्रत्यक्ष यंत्राच्या वर्तनावरून कळते. मात्र ते कळेपर्यंत सूचना अंमलात आलेली असते. म्हणून विग्रहाचे काम त्याआधी, वाचनाच्या आणि भाषांतराच्या टप्प्यावरच झाले पाहिजे.